बंदी आली तर साखळी टिकेल, पण माणसाचे काय?

बिटकॉइन, क्रिप्टो, ब्लॉकचेन हे शब्द आता फक्त मुंबई-पुण्याच्या आयटीवाल्यांचे राहिलेले नाहीत. कोकणातल्या ज्या घरातला एक माणूस दुबई किंवा कुवेतला आहे, मराठवाड्यातल्या ज्या घरातला मुलगा इंजिनिअरिंग शिकतो आहे, तिथेही हा विषय निघतो. वडील विचारतात, हे हलाल आहे का? आई विचारते, पैसा बुडणार तर नाही ना? आणि पोरं छातीठोकपणे सांगतात, "अब्बा, हे कुणालाच बंद करता येत नाही. कुठल्याच सरकारच्या हातात नाही."

पोरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजून न घेता घरातली बचत त्यात घालणे धोक्याचे आहे, म्हणून आज आम्ही या विषयावर लिहीत आहोत. सरकारने खरोखर बडगा उगारला तर काय होते, याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही. चीन, भारत, नायजेरिया, अमेरिका अशा वेगवेगळ्या सरकारांनी हे करून पाहिले आहे आणि निकाल जगासमोर आहेत. त्या सगळ्यांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. साखळी तोडणे सरकारांना जमलेले नाही. मात्र साखळीपर्यंत जाणारे दरवाजे बंद करणे आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला धरणे त्यांना चांगले जमले आहे.

ही साखळी आहे तरी काय?

जुन्या पेढीवर एक चोपडी असायची. कुणी कुणाला किती दिले, हे तिच्यात लिहिलेले असायचे. चोपडी जळाली, पाण्यात भिजली किंवा शेठने पान फाडले की हिशोब संपला. आता समजा, त्याच चोपडीच्या हुबेहूब हजारो प्रती जगभर हजारो लोकांकडे आहेत, प्रत्येक नवी नोंद सगळ्या प्रतींमध्ये एकाच वेळी चढते आणि प्रत्येक नव्या पानावर मागच्या पानाची खूण उमटलेली असते. मधले एक पान कुणी बदलले तर पुढच्या सगळ्या खुणा चुकतात आणि लबाडी लगेच पकडली जाते. ब्लॉकचेन म्हणजे ढोबळमानाने हेच.

बिटकॉइनची साखळी जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली. साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान, म्हणजे ब्लॉक, जोडला जातो. ती सुरू करणाऱ्याने सातोशी नाकामोटो हे नाव वापरले आणि दोन-तीन वर्षांत तो गायब झाला. त्यामुळे नोटीस बजावायला मालक नाही, धाड टाकायला हेड ऑफिस नाही. याआधी अमेरिकेत ई-गोल्ड नावाचे इंटरनेटवरचे चलन होते. त्याच्यामागे कंपनी होती आणि कंपनीचे मालक होते. २००७ मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले आणि काही काळातच ते चलन संपले. बिटकॉइनच्या बाबतीत असे धरायला कुणी नव्हते. पोरं जे सांगतात त्यातले खरे अर्धे हेच.

चीनने काय केले, काय झाले

सर्वांत मोठी परीक्षा चीनने घेतली. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना बिटकॉइनपासून दूर राहायला सांगितले. सप्टेंबर २०१७ मध्ये नवी नाणी विकून पैसा उभा करण्यावर बंदी आली आणि देशातली एक्स्चेंज बंद झाली. मे-जून २०२१ मध्ये मायनिंगवर, म्हणजे साखळीची पाने जोडणाऱ्या संगणक-कारखान्यांवर, घाव पडला. आणि २४ सप्टेंबर २०२१ ला क्रिप्टोचे सगळे व्यवहार बेकायदा असल्याचे जाहीर झाले.

हा घाव साधा नव्हता. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बिटकॉइनची जवळपास तीन-चतुर्थांश गणनशक्ती एकट्या चीनमध्ये होती. २०२१ च्या उन्हाळ्यात ती बंद पडली आणि जगाची एकूण शक्ती जवळपास निम्म्यावर आली. ब्लॉक उशिरा यायला लागले. पण या व्यवस्थेत एक सोय आधीपासूनच आहे. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, गणिताचा अवघडपणा आपोआप कमी-जास्त होतो. ३ जुलै २०२१ ला तो सुमारे २८ टक्क्यांनी उतरला. इतकी मोठी घसरण त्याआधी कधी झाली नव्हती. उरलेल्या यंत्रांनी काम उचलून धरले. चीनमधली यंत्रे कंटेनरमध्ये भरून अमेरिका, कझाकस्तान, रशियाकडे गेली आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत शक्ती पूर्वीच्या पातळीवर आली. इतकेच नाही, बंदीनंतर काही महिन्यांतच चीनमध्येही लपूनछपून पुष्कळ मायनिंग सुरू असल्याचे केंब्रिजच्याच आकड्यांत दिसले.

म्हणजे साखळी टिकली. पण चीनमधल्या माणसाचे काय झाले? ज्यांचा धंदा होता त्यांना यंत्रे मिळेल त्या भावात विकावी लागली, नाहीतर देश सोडावा लागला. आणि सामान्य गुंतवणूकदाराला सप्टेंबर २०२१ च्या त्या जाहीरनाम्यातच सांगून टाकले गेले की असे व्यवहार सार्वजनिक हिताच्या विरोधात ठरले तर ते अवैध मानले जातील आणि होणारे नुकसान ज्याचे त्याने सोसायचे. म्हणजे उद्या कुणी फसवले तर कोर्टाचा दरवाजाही जवळपास बंद. नाणी साखळीवर सुरक्षित आहेत, पण त्यांच्यासाठी भांडायची सोय उरली नाही.

चीनमधून निघालेली बरीच यंत्रे कझाकस्तानात पोचली होती. जानेवारी २०२२ मध्ये तिथे इंधनाच्या दरावरून आंदोलन पेटले, सरकारने देशभरचे इंटरनेट बंद केले आणि ती यंत्रे एका झटक्यात थंड पडली. जगाची साखळी चालूच राहिली. पण अलमाटीत बसलेल्या माणसाला त्या दिवसांत तिचा उपयोग शून्य होता.

इंटरनेट बंद होणे म्हणजे काय, हे भारतात कुणाला शिकवायची गरज नाही. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये ते बंद झाले आणि ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. ज्या वहीच्या प्रती जगभर सुरक्षित आहेत, ती आपल्या घरातून उघडता आली नाही तर तिच्या मजबुतीचा आपल्याला फायदा काय?

भारतात साखळी नव्हे, याचिका लढली

आपल्या देशात क्रिप्टोवर सरसकट बंदी घालणारा कायदा झालेला नाही. पण ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले आणि बँकांना क्रिप्टोशी संबंधित कुणालाही सेवा द्यायला मनाई केली. तीन महिन्यांची मुदत दिली. साखळीला कुणी हात लावला नाही, फक्त रुपये आत-बाहेर करायची खिडकी बंद केली. तेवढ्याने काम झाले. झेबपेसारख्या त्या वेळच्या मोठ्या कंपनीने सप्टेंबर २०१८ मध्ये भारतातले एक्स्चेंज गुंडाळले. ज्यांच्याकडे नाणी होती त्यांच्याकडे ती राहिली, पण विकायची कुठे आणि पैसा खात्यात आणायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला.

ही खिडकी पुन्हा उघडली ती कुठल्या तंत्रज्ञानाने नाही. इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आणि काही कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ४ मार्च २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने परिपत्रक रद्द केले. न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा अधिकार नाकारला नाही. पण ज्या बँका तिच्या देखरेखीखाली आहेत त्यांना यामुळे काही नुकसान झाल्याचे ती दाखवू शकली नाही, म्हणून उपाय प्रमाणाबाहेर ठरला. संविधानाच्या कलम १९ ने दिलेला धंदा-व्यवसायाचा हक्क इथे कामी आला. गंमत बघा, याच्या दोनच महिने आधी, १० जानेवारी २०२० ला, काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते की इंटरनेटवरून व्यापार करण्याला याच कलमाचे संरक्षण आहे आणि बेमुदत बंदी चालणार नाही.

त्यानंतर सरकारने रस्ता बदलला. बंदीऐवजी कर आणि पहारा आला. २०२२ च्या अर्थसंकल्पाने क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करायची सोय ठेवली नाही. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आला. मार्च २०२३ मध्ये हा धंदा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आणला. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची संकेतस्थळे भारतात बंद झाली. नंतर बायनान्सने नोंदणी केली आणि १८ कोटी ८२ लाखांचा दंडही तिला झाला. एवढी जगभर पसरलेली कंपनीसुद्धा शेवटी दिल्लीच्या नियमांत बसली.

यातला धडा साधा आहे. आपल्याकडे जे टिकले ते कोर्टात उभे राहणाऱ्यांमुळे टिकले, आणि जे सुरू आहे ते कर आणि केवायसीच्या चौकटीत सुरू आहे. "सरकारला कळणारच नाही" या भरवशावर जो बसला आहे, त्याच्या बाजूने कुणी उभे राहत नाही.

नायजेरियाची गोष्ट

नायजेरियात जवळपास निम्मी लोकसंख्या मुस्लिम आहे. तिथे तरुण मोठ्या संख्येने क्रिप्टो वापरतात, कारण नायरा घसरत राहतो आणि डॉलर मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध मोठे आंदोलन झाले. आंदोलकांना मदत करणाऱ्या महिलांच्या गटाच्या बँक खात्यात अडथळे आले, तेव्हा त्यांनी बिटकॉइनमधून देणग्या घेतल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने क्रिप्टो व्यवहार करणाऱ्यांची खाती बंद करायचा आदेश बँकांना दिला.

लोक थांबले नाहीत. ते पी-टू-पी कडे वळले, म्हणजे एकाने नाणे पाठवायचे आणि दुसऱ्याने थेट त्याच्या खात्यात पैसे टाकायचे. ओळख आणि विश्वास यांवर चालणारा हा व्यवहार आपल्याकडच्या जुन्या हुंडीची आठवण करून देतो. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये बँकेने बंदी मागे घेतली. समाजाने सरकारला थकवले, असे म्हणता येईल.

पण गोष्ट तिथे संपत नाही. दोनच महिन्यांनी, नायरा कोसळत असताना, सरकारने बायनान्सच्या दोन अधिकाऱ्यांना ताब्यात घेतले. त्यांपैकी एक निसटला. दुसरा अमेरिकन नागरिक होता, तो ऑक्टोबर २०२४ पर्यंत, म्हणजे जवळपास आठ महिने, अडकून पडला. साखळीला धरता आले नाही तेव्हा माणसाला धरले.

अमेरिकेत कोड सुटला, लिहिणारा अडकला

हाच प्रकार अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये आणखी स्पष्ट दिसला. टॉर्नेडो कॅश नावाची एक सोय इथेरियमच्या साखळीवर आहे. अनेकांची नाणी एकत्र मिसळून ती बाहेर काढते, म्हणजे कुणाचे कुठे गेले ते कळत नाही. काहींना आपले व्यवहार खासगी ठेवायचे होते. पण उत्तर कोरियाच्या हॅकरांनीही चोरीचा पैसा तिथून फिरवला. ८ ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेच्या अर्थखात्याने तिच्यावर निर्बंध घातले. दोनच दिवसांनी तिचा एक प्रोग्रामर, अलेक्सी पर्त्सेव्ह, ॲमस्टरडॅममध्ये पकडला गेला.

कोड मात्र चालूच राहिला. तो साखळीवर बसलेला होता आणि लिहिणाऱ्यांनाही तो थांबवता येत नव्हता. पण आजूबाजूचे सगळे हलले. कोड ठेवणाऱ्या संकेतस्थळाने तो काढून टाकला. डॉलरशी जोडलेले यूएसडीसी हे नाणे चालवणाऱ्या कंपनीने त्या पत्त्यांवरची रक्कम गोठवली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास इथेरियमचे तीन-चतुर्थांशाहून अधिक ब्लॉक अशा मध्यस्थांकडून येत होते, जे अमेरिकी निर्बंध पाळत होते. विकेंद्रित म्हणवणाऱ्या साखळीत एवढे लोक एका सरकारच्या यादीकडे बघून काम करू लागले. पुढे हे प्रमाण खाली आले, कारण समाजातल्या लोकांनीच आरडाओरड करून दुसरे मध्यस्थ उभे केले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने सांगितले की जो कोड कुणालाच बदलता येत नाही तो कुणाची मालमत्ता नाही, म्हणून त्यावर असे निर्बंध लागू होत नाहीत. मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. पण पर्त्सेव्हला मे २०२४ मध्येच नेदरलँड्सच्या न्यायालयाने पाच वर्षे चार महिन्यांची शिक्षा सुनावली होती. त्याचा सहकारी रोमन स्टॉर्म याला ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने एका आरोपात दोषी धरले. साखळीला जामीन लागत नाही, माणसाला लागतो.

उघडी वही आणि आपला समाज

अजून एक गैरसमज दूर करायला हवा. क्रिप्टो म्हणजे गुप्त, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात बिटकॉइनची वही सगळ्या जगाला उघडी आहे आणि ती पुसता येत नाही. आज केलेला व्यवहार वीस वर्षांनीही वाचता येईल. पत्त्यावर नाव नसते, पण एकदा का तो पत्ता एखाद्या केवायसी झालेल्या खात्याशी जोडला गेला की मागचा सगळा माग निघतो. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजवर चोरी झाली होती. साडेपाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी त्यातली सुमारे ९४ हजार बिटकॉइन हस्तगत केली. साखळीवरच्या नोंदींचा माग काढूनच ते तिथवर पोचले.

यूएसडीटी किंवा यूएसडीसी यांसारखी स्टेबलकॉइन तर विकेंद्रितही नाहीत. त्यांच्यामागे कंपन्या आहेत आणि सरकारने सांगितले की त्या पत्ता गोठवतात. आखातातून घरी पैसे पाठवायला यूएसडीटी स्वस्त पडते, असे सांगणारे एजंट आता पुष्कळ झाले आहेत. इथे धोका कसा येतो ते पाहा. तुम्ही अनोळखी माणसाला यूएसडीटी विकता, तो तुमच्या खात्यात रुपये टाकतो. ते रुपये कुण्या तिसऱ्याला ऑनलाइन फसवून आलेले असतात. तो तिसरा माणूस सायबर पोलिसांकडे तक्रार करतो, पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि खाते गोठते. तक्रार भलत्याच राज्यात असू शकते. तुम्ही निर्दोष असलात तरी पळापळ तुमची.

आणि आपल्या समाजासाठी एक गोष्ट जास्त गंभीर आहे. जगात कुठेही मुसलमानांवर संकट आले की मोबाइलवर देणगीचे आवाहन येते, खाली एक वॉलेटचा पत्ता असतो. मन भरून येते, हात पुढे होतो. पण तो पत्ता कुणाचा आहे, हे आपल्याला माहीत नसते. तो भामट्याचा असू शकतो, किंवा कुठल्या बंदी असलेल्या गटाचा. उघड्या वहीत आपली नोंद कायमची राहते, आणि यूएपीएसारख्या कायद्यात जामीन मिळणे किती कठीण आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको. जकात असो, सदका असो, ज्या नोंदणीकृत संस्थेचा हिशोब तपासता येतो तिच्यामार्फत आणि कायद्याच्या चौकटीतच द्यावा. चांगल्या नियतीला चांगली पद्धतही लागते.

हलाल-हरामचा प्रश्न

या प्रश्नावर जगभरचे उलेमा एकमताचे नाहीत. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ मध्ये बिटकॉइनच्या व्यवहाराला हराम म्हटले. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून क्रिप्टोला हराम ठरवले. कारणे साधारण सारखी होती. गरर, म्हणजे व्यवहारातली टोकाची अनिश्चितता, आणि जुगाराशी साम्य. दुसरीकडे मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरीअत सल्लागार परिषदेने २०२० मध्ये नोंदणीकृत एक्स्चेंजवरच्या डिजिटल मालमत्तेच्या व्यवहाराला काही अटींवर मान्यता दिली. अफगाणिस्तानात तालिबान सरकारने २०२२ मध्ये बंदी घालून एक्स्चेंज बंद केली आणि व्यापाऱ्यांना अटक केली. कितीतरी कुटुंबांना बँका ठप्प असताना परदेशातून मदत याच मार्गाने येत होती.

आम्ही फतवा देत नाही, तो आमचा अधिकार नाही. तुमच्या भरवशाच्या मुफ्तींना विचारा. पण विचारताना दोन गोष्टी वेगळ्या करा. रात्री घ्यायचे आणि सकाळी विकायचे, हा एक प्रश्न आहे. नोंद कुणालाही खोडता येणार नाही अशी ठेवायची, हा दुसरा. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधली २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. लिखित नोंद आणि साक्षीदार यांचे महत्त्व आपल्याला कुणी परक्याने शिकवायला नको.

खोडता न येणारी नोंद कुणाला लागते

साखळीची खरी ताकद भावाच्या चढउतारापेक्षा या दुसऱ्या गोष्टीत आहे. एप्रिल २०१८ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने लैंगिक अत्याचाराच्या जुन्या प्रकरणाबद्दल जाहीर पत्र लिहिले. ते चिनी इंटरनेटवरून हटवले जाऊ लागले तेव्हा कुणीतरी ते इथेरियमच्या एका व्यवहारात कोरून ठेवले. ते आजही तिथे आहे. जून २०२१ मध्ये हाँगकाँगचे ॲपल डेली हे वृत्तपत्र बंद पडले, तेव्हा लोकांनी त्याचे लेख आरवीव नावाच्या विकेंद्रित साठ्यावर चढवले.

नोंद पुसली गेली की माणूस कसा पुसला जातो, हे रोहिंग्यांकडे पाहिले की कळते. १९८२ च्या म्यानमारच्या कायद्याने त्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले, कागद सरकारच्या हातात होते आणि सरकारच त्यांना ओळखत नव्हते. म्हणूनच त्यांच्यातल्या काही सुशिक्षितांनी ब्लॉकचेनवर ओळखपत्र बनवण्याचा प्रयत्न केला. पण इथेही सावध राहायला हवे. 'ब्लॉकचेन' असे लिहिले म्हणजे ताबा लोकांकडे गेला, असे नाही. जॉर्डनच्या अझराक छावणीत २०१७ पासून सीरियन निर्वासित डोळ्यांचे स्कॅन देऊन रेशन घेतात. हिशोब ब्लॉकचेनवर असतो, पण ती साखळी जागतिक अन्न कार्यक्रमाच्या हातात आहे. निर्वासिताच्या हातात तिची चावी नाही. कुठल्याही योजनेबद्दल पहिला प्रश्न हाच विचारावा, चावी कुणाकडे आहे?

आपल्याकडे याचा थेट संबंध वक्फच्या कागदांशी येतो. नव्या कायद्यानंतर जून २०२५ मध्ये केंद्र सरकारचे 'उम्मीद' पोर्टल सुरू झाले आणि मशिदी, कब्रस्ताने, दर्गे यांची कागदपत्रे तिथे चढवायला सहा महिन्यांची मुदत दिली गेली. कितीतरी ठिकाणी मूळ कागद एका मुतवल्लीच्या पेटीत होते, काही वाळवीने खाल्लेले. साखळीची जी मुख्य युक्ती आहे, म्हणजे एकच प्रत एकाच जागी न ठेवणे आणि साक्षीदार अनेक असणे, ती वापरायला एकही नाणे विकत घ्यावे लागत नाही. जमातीच्या प्रत्येक मालमत्तेचे कागद स्कॅन करा, प्रमाणित नकला काढा, चार-पाच विश्वासू घरांत, वकिलाकडे आणि दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे ठेवा. एक पेटी जळाली तरी हक्क जळणार नाही.

घरात काय ठरवावे

आता घरच्या बचतीबद्दल. ज्यांना क्रिप्टोत जायचेच आहे त्यांनी बुडाले तरी चूल बंद पडणार नाही एवढीच रक्कम घालावी. मुलीच्या लग्नाचे, हजचे, अम्मीच्या औषधाचे पैसे त्यात घालू नयेत. एक्स्चेंजवर ठेवलेली नाणी ही साखळीवर ठेवलेली नाणी नव्हेत, ती त्या कंपनीच्या भरवशावर असतात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सुमारे दोन हजार कोटी रुपयांची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. साखळी त्या वेळीही व्यवस्थित चालू होती. त्याच प्रकरणातल्या एका ग्राहकाच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले की क्रिप्टो ही मालमत्ता आहे, तिची मालकी असते आणि ती विश्वस्ताकडे ठेवता येते. आपल्या भाषेत, ती अमानत आहे. इथेही कोड नव्हे, न्यायालय उपयोगी पडले.

स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवायचे तर बारा किंवा चोवीस शब्दांची गुप्त चावी सांभाळावी लागते. ती हरवली तर कुठलीही बँक, कुठलेही न्यायालय परत मिळवून देऊ शकत नाही. ती फक्त मुलाच्या डोक्यात असेल आणि त्याला काही झाले, तर वारसांचा हिस्सा बुडाला. म्हणून कागदावर लिहून, सुरक्षित जागी आणि घरातल्या एका तरी जबाबदार माणसाला माहीत असेल अशी ठेवा. दरमहा ठराविक टक्के परतावा देणाऱ्या योजनेपासून दूर राहा. पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा दहा टक्के बिटकॉइन परत देण्याचे आमिष होते. बिटकॉइनची साखळी खरी होती, पण तिच्या नावावर उभी केलेली स्कीम खोटी होती. आणि कर भरा, नोंदी ठेवा. उद्या चौकशी आली तर तेच कागद तुमच्या बाजूने बोलतील.

सरकारे येतील, नियम बदलतील, कधी कडक होतील, कधी सैल. साखळी तिच्या गतीने चालत राहील. तिला तुमच्या रक्षणाची गरज नाही आणि ती तुमचे रक्षणही करणार नाही. ते काम आपल्यालाच करायचे आहे, जाणकार वकील, हिशोब समजणारी पोरं आणि प्रश्न विचारायला न लाजणारे वडीलधारे यांना सोबत घेऊन. तेव्हा घरात कुणी क्रिप्टो घेतले असेल तर ओरडू नका, लपवायलाही लावू नका. शेजारी बसवा आणि विचारा, पैसा किती आहे, कुठे आहे आणि चावी कुणाकडे आहे.